प्रेक्षकाची साक्ष

जुने नाटक पाहावयास आपण जातो तेव्हा एकटे जात नाही. ‘शारदा’ किंवा ‘एकच प्याला’ यांच्या प्रयोगास बसलेल्या मनुष्याच्या पाठीशी चारपाच पिढ्यांचे मत उभे असते. कोठे डोळे पुसावयाचे, कोठे टाळी द्यावयाची, कोणते पद पुन्हा मागावयाचे, हे तो घरूनच शिकून आलेला असतो. आणि एखाद्या प्रवेशात त्याचे मन रमले नाही, तर तो त्याचा दोष नाटकाकडे न लावता नटांकडे किंवा स्वतःच्या मनाकडे लावतो. नव्या नाटकाची गोष्ट याहून अगदी निराळी. त्याचा लेखक हयात आहे, कदाचित आपल्याच गावचा आहे, प्रयोग पहिला किंवा दुसरा आहे, आणि त्यावर अद्यापि कोणी एक ओळही लिहिलेली नाही. पडदा वर गेला म्हणजे ते नाटक आणि आपण असे दोघेच समोरासमोर असतो. अशा वेळी आपण कसे वागतो हा प्रश्न वरवर पाहता अभिरुचीचा दिसतो. परंतु मला तो दिवसेंदिवस नीतीचा वाटू लागला आहे. समकालीन नाटककाराच्या नव्या कृतीचे आपण काही देणे लागतो काय, आणि लागत असल्यास ते कोणते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचलेला नाही. तो एका लहानशा फजितीतून निघाला आहे, आणि ती फजिती माझी स्वतःची आहे. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर म्हणून गाव आहे. काही वर्षांपूर्वी नवरात्राच्या दिवसांत तेथे एका तरुण शिक्षकाने लिहिलेल्या नाटकाचा प्रयोग झाला. हा शिक्षक एके काळी माझ्या वर्गात बसलेला. त्यामुळे प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावणे आले. नाटक दोन भावांच्या वाटणीचे होते. बारा एकर जिरायत शेत, एक विहीर, आणि नवा धुरा नेमका त्या विहिरीवरून जाणार, असा पेच. प्रयोग संपल्यावर मी दहा मिनिटे बोललो. ‘होतकरू लेखणी’, ‘ग्रामजीवनाचे जिवंत चित्रण’, ‘उज्ज्वल भवितव्य’ इत्यादी जी नाणी अशा प्रसंगी खिशात तयार असतात, ती मी सढळ हाताने वाटली. टाळ्या झाल्या, शाल मिळाली. मंडपाबाहेर लेखकाने मला गाठले आणि विचारले, “सर, दुसऱ्या अंकात माय अखेरपर्यंत एक शब्द बोलत नाही. ते तुम्हाला खरं वाटलं का?”

मला ती आई आठवेना. दुसरा अंक चालू असता मी मनातल्या मनात आपल्या भाषणाची जुळवाजुळव करीत होतो. “छानच साधलं आहे,” असे मी म्हणालो. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, वाकून नमस्कार केला, आणि तो सामान आवरावयास निघून गेला. त्याला समजले होते, हे मला समजले. त्या रात्री घरी जाताना मला वाटले की, आपण नुसते खोटे बोललो असतो तर एक वेळ चालले असते. आपण जे पाहिलेच नाही त्याची साक्ष देऊन आलो आहो. न्यायमंदिरात अशी साक्ष देणाऱ्यास आपण काय म्हणतो ते सर्वांस ठाऊक आहे. नाट्यमंदिरात मात्र त्याला प्रमुख पाहुणा म्हणतात!

तेव्हापासून मी या विषयाकडे पाहू लागलो, आणि मला असे आढळून आले की नव्या नाटकापुढील आपली जबाबदारी टाळण्याच्या आपल्याजवळ काही ठरलेल्या वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेवर कोणत्या ना कोणत्या सद्गुणाची पाटी लावलेली आहे.

पहिली वाट परंपरेच्या अभिमानाची. “हल्ली पूर्वीसारखी नाटके होत नाहीत,” हे वाक्य प्रत्येक पिढीतील वृद्धांनी उच्चारलेले आहे. कालिदासासारख्यालाही ते ऐकावे लागले असले पाहिजे. कारण ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत भास, सौमिल्ल व कविपुत्र यांच्यासारखे नावाजलेले कवी असताना या आजच्या कवीचे नाटक कशाला, अशी शंका त्याने मुद्दाम काढविली आहे, आणि जुनेपणा हा गुण नव्हे व नवेपणा हा दोष नव्हे, परीक्षा करून मगच पत्करावे, अशा आशयाचे उत्तर सूत्रधाराकडून देवविले आहे. आज कालिदासाच्या नावाने नव्यांना हिणविणाऱ्यांनी कालिदास स्वतः एके काळी नवा होता, हे ध्यानात ठेवावे. आमच्या विदर्भाशी ज्याचे नाते त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे, त्या भवभूतीनेही समकालीनांच्या अनास्थेने व्यथित होऊन पुढे कधीतरी होणाऱ्या रसिकाकडे डोळे लावले. त्याचा तो उद्गार आपण मोठ्या कौतुकाने आळवतो. परंतु भवभूतीच्या काळच्या प्रेक्षकांवर तो केवढा ठपका आहे, आणि तोच ठपका आपणावरही येऊ शकेल, हे आपल्या मनात येत नाही.

दुसरी वाट काळावर हवाला ठेवण्याची. ही अधिक सभ्य आहे आणि विद्वानांची आवडती आहे. डॉक्टर जॉन्सनने १७६५ साली शेक्सपिअरच्या नाटकांस लिहिलेल्या प्रस्तावनेत शंभर वर्षे टिकणे ही वाङ्मयीन गुणाची रूढ कसोटी मानली आहे. आणि ह्यूमने १७५७ सालच्या अभिरुचीवरील निबंधात, दोन हजार वर्षांपूर्वी अथेन्स व रोम येथे आवडलेला होमर पॅरिस व लंडन येथेही आवडतो, असा दाखला दिला आहे. या थोर पुरुषांचे म्हणणे जुन्या कृतींपुरते खरे आहे. परंतु त्यावरून “मग आज आपण बोलूच नये, काळ ठरवील,” असे अनुमान काढणे म्हणजे पीक आपोआप येईल म्हणून पेरणीच न करण्यासारखे आहे. काळ म्हणजे कोण? त्याला डोळे नाहीत, कान नाहीत आणि तो तिकीट काढून नाटकास बसत नाही. काळाचा निकाल म्हणजे एकामागून एक आलेल्या माणसांनी दिलेल्या साक्षींची बेरीज होय. आणि त्या बेरजेतील पहिली रक्कम समकालीनांनीच मांडावयाची असते.

याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. चेकॉव्हचे ‘सीगल’ १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे पडले. आणि लेखक इतका खचला की त्याचा पुन्हा प्रयोग होऊ देण्यास तो राजी नव्हता. दोनच वर्षांनी, १८९८ साली, मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक करून दाखविले आणि त्याचा जयजयकार झाला. या दोन वर्षांत काळाने काय केले? काहीही नाही. नेमिरोविच-डांचेन्को नावाच्या एका मनुष्याला त्या नाटकात इतरांना न दिसलेले काही दिसले, आणि त्याने लेखकाचे मन वळविले. एका प्रामाणिक साक्षीने हे घडले. उलट पक्षी, साक्ष वेळेवर न मिळाल्यास ती घेणाराच उरत नाही, असेही घडते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्याच विदर्भात, सावनेर येथे, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर. त्या नाटकाने रडविलेल्या असंख्य प्रेक्षकांपैकी एकालाही “तुमचा तळीराम मला असा दिसला” असे लेखकास सांगता आले नाही. लेखक हयात असणे ही आपण नव्या नाटकातील उणीव समजतो. वस्तुतः ती एक संधी आहे, आणि तिला मुदत असते.

तिसरी वाट दयेची. हीच माझी वाट होती. नवा लेखक आहे, गावचा पोरगा आहे, पदरचे पैसे घालून त्याने नाटक उभे केले आहे, तेव्हा त्याला उत्तेजन द्यावे, दोष काढू नयेत, असे आपण म्हणतो. उत्तेजन खचित द्यावे. ज्या महाराष्ट्रात १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा चालत आली आणि गावोगावच्या हौशी मंडळींनी दिवसाची नोकरी सांभाळून रात्री तालमी केल्या, तेथे उत्तेजनाचे मोल कोणी अमान्य करणार नाही. परंतु दयेने केलेल्या स्तुतीत एक गुप्त तुच्छता असते. ज्याला आपण बरोबरीचा समजतो त्याच्याशी आपण वाद घालतो. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नसते त्याची पाठ थोपटतो. माझ्या त्या विद्यार्थ्याने मला आपल्या कलेविषयी एक नेमका प्रश्न विचारला होता, आणि मी त्याला लहान मुलासारखा खाऊ दिला!

चौथी वाट या तिन्हींच्या उलट दिशेने जाते. ती न पाहताच धिक्कार करण्याची. आणि तिच्यावर नीतीचीच पाटी असल्यामुळे तिचा विचार जरा थांबून केला पाहिजे. विजय तेंडुलकरांच्या नाटकांचा इतिहास येथे मार्गदर्शक आहे. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले. काही प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळाशी त्याचा झगडा सुरू झाला, आणि अखेर दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबईच्या उच्च न्यायालयातून त्याची सुटका करून घ्यावी लागली. त्याच वर्षी, १६ डिसेंबरला, पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच तो थांबविला, नंतर त्यातील मंडळींनी थिएटर अकॅडमी स्थापन करून १९७४ साली ते नाटक पुन्हा उभे केले. त्या काळी आक्षेप घेणारे सगळेच अडाणी किंवा दांभिक होते, असे मी म्हणणार नाही. नाना फडणविसासारख्या पुरुषाचे असे चित्र रंगवावे काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकास आहे. नाटक पाहून, त्यावर विचार करून, “हे मला मान्य नाही, हे अन्यायाचे आहे,” असे सांगणारा प्रेक्षक आपले देणे पुरेपूर फेडतो. माझी तक्रार त्या दुसऱ्या वर्गाविषयी आहे, ज्याने नाटकाचा फक्त सारांश ऐकला आणि निकाल दिला. नाटकाचा सारांश आणि नाटक यांत जन्मपत्रिका आणि मनुष्य यांच्याइतके अंतर आहे. ‘घाशीराम’मध्ये रंगमंचावर माणसांचीच एक भिंत उभी राहते, गाते, नाचते, आणि पाहता पाहता आपल्यामागे काय चालले आहे ते झाकून टाकते. सत्ता आपली कृत्ये सभ्य माणसांच्या पाठीआड कशी लपविते, हे त्या भिंतीकडे पाहिल्यावाचून कळत नाही. ती भिंत कोणत्याही सारांशात येत नाही.

तर मग, पाहणे म्हणजे काय? याला तेंडुलकरांच्याच ‘गिधाडे’ या नाटकाच्या इतिहासात एक विलक्षण उत्तर सापडते. १९७० साली श्रीराम लागू यांनी ते रंगभूमीवर आणले, तेव्हा गर्भपात झालेल्या स्त्रीच्या लुगड्यावरील रक्ताच्या डागास परिनिरीक्षकांनी हरकत घेतली. तेव्हा तो डाग निळा करण्यात आला, आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांस सांगण्यात आले की, निळा दिसणारा हा डाग आपण लाल समजावा. या प्रसंगाला आपण हसतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मला त्यात प्रेक्षकधर्माचे सारे मर्म दिसते. लेखकाने लिहिलेले आणि आपल्यापुढे आलेले यांत नेहमीच अंतर राहणार. कधी परिनिरीक्षकामुळे, कधी नटाच्या दुबळेपणामुळे, कधी मंडपातील कर्कश ध्वनिक्षेपकामुळे. निळ्याचे लाल करण्याचे काम प्रेक्षकाने करावयाचे आहे. ते त्याने नाकारले तर रंगमंचावर नुसता शाईचा डाग उरतो.

आमच्या शास्त्रकारांनीही हे ओळखले होते. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी जी सात विघ्ने सांगितली, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ असे एक आहे. म्हणजे प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे. तो ग्रंथ मी वर्गात अनेक वर्षे शिकविला. परंतु ज्या रात्री मी स्वतःच्या भाषणात गुरफटून एका आईचे मौन पाहू शकलो नाही, त्या रात्रीपर्यंत त्या शब्दाचा अर्थ मला कळला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे.

नव्या नाटकापुढे बसताना आपण सामान्यतः “हे चांगले की वाईट?” या प्रश्नाने आरंभ करतो. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा असावा. पहिला प्रश्न असा असावा की, “हा लेखक मला कशाकडे पाहावयास सांगत आहे?” महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहता यांनी मुंबईत प्रथम सादर केले. विदर्भातील एका खेड्यातील देशपांड्यांचा वाडा, कर्त्या पुरुषाचा मृत्यू, आणि त्यानंतरचे तेरा दिवस, एवढेच त्याचे कथानक. घटनांची मोजदाद करणाऱ्यास त्यात फारसे काही घडत नाही असे वाटेल. परंतु त्या वाड्यापुढे एक ट्रॅक्टर नुसता गंजत पडला आहे. ज्याचे लक्ष त्या ट्रॅक्टरकडे गेले त्याला सारे घराणे समजले: नव्याचा हव्यास, तो चालविण्याची असमर्थता, आणि विकूनही टाकवत नाही असा ताठा. आमच्या वऱ्हाडात असे ट्रॅक्टर आणि असे वाडे आम्ही लहानपणापासून पाहत आलो; परंतु ते पाहिले आहेत, हे आम्हांला त्या नाटकाने सांगितले. पुढे लेखकाने त्याच घराण्याची कथा आणखी दोन नाटकांत वाढविली, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ती तिन्ही नाटके सलग दाखविली. लेखक हयात असण्याचा हाही एक लाभ आहे. त्याची कृती आपल्या डोळ्यांसमोर वाढत असते.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील. जांब समर्थ येथील राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले व नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली आले. महाराजांना न्यावयास आलेला यम आणि मागे राहिलेला जिरेटोप, ही त्यातील कल्पना सोंगाच्या किंवा तमाशाच्या जातीची आहे. पोवाडे आहेत, थट्टा आहे. केवळ नाव वाचून कोणी म्हणेल, हा थोर पुरुषाचा उपमर्द. कोणी म्हणेल, हा प्रचार. परंतु तो जिरेटोप घेऊन कोणाचे डोके त्यात बसते हे पाहावयास निघालेला यम समोर आला, म्हणजे प्रेक्षकाचा हात नकळत आपल्याच डोक्याकडे जातो. तसेच प्राजक्त देशमुख यांचे २०१७ सालचे ‘संगीत देवबाभळी’. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, अशी दोनच पात्रे. ज्यांचे संसार भक्तीने रिकामे केले त्या स्त्रियांनी एकमेकींशी काय बोलावे, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांच्या श्रद्धेत राहूनही आपण कधी विचारला नव्हता. या तिन्ही नाटकांविषयी माझे मत वाचकांनी स्वीकारावे असा माझा आग्रह नाही. प्रत्येक ठिकाणी लेखकाने बोट दाखविलेली एक वस्तू आहे, आणि ती न पाहता दिलेले मत, मग ते स्तुतीचे असो की निंदेचे, निराधार आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. “नाटक खरोखरीच वाईट असेल तर? खरे बोलल्याने एखादे कोवळे मन कायमचे मोडले तर त्याचे पाप कोणाच्या माथी?” याचे उत्तर मी निकाल आणि साक्ष यांतील भेदाने देतो. निकाल म्हणतो, “तुझे नाटक वाईट आहे.” साक्ष म्हणते, “पहिल्या अंकात मी तुझ्याबरोबर होतो. अमुक ठिकाणी माझे लक्ष सुटले. तमुक पात्राने असे का केले ते मला कळले नाही.” निकालाने लेखकापुढील दार बंद होते, साक्षीने त्याच्या हाती काहीतरी पडते. साक्षीदार चुकू शकतो, आणि आपण चुकू शकतो हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच त्याच्या बोलण्यात उद्धटपणा येत नाही. खऱ्या रसिकाची नम्रता गप्प बसण्यात नाही. आपण जेथे बसलो होतो तेथून जे दिसले तेवढेच सांगण्यात आहे.

आता त्या वाटणीच्या नाटकाचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. दोन महिन्यांनी शेजारच्या गावी त्याचा पुन्हा प्रयोग झाला. या खेपेस मी निमंत्रणाशिवाय गेलो आणि मागच्या बाजूस सतरंजीवर बसलो. दुसऱ्या अंकात वाटणीचे कागद लिहिले जात असता ती आई खरोखरच एक शब्द बोलत नव्हती. सुपात तुरीची डाळ घेऊन ती खडे निवडीत होती, आणि मुले मोठ्याने भांडू लागली की तिचा हात थांबे. तो हात पाहून माझ्या अंगावर काटा आला. पुढे तिसऱ्या अंकात मात्र लेखकाने तिच्या तोंडी एक लांबलचक भाषण घातले होते. आपण गप्प का राहिलो ते ती सविस्तर सांगते. प्रयोग संपल्यावर मी त्याला गाठले आणि प्रथम त्याची क्षमा मागितली. मग म्हणालो, “त्या दिवशी तू जे विचारलंस त्याचं उत्तर आज देतो. तिचं गप्प राहणं अगदी खरं आहे. पण शेवटचं ते भाषण काढून टाक. ती हाताने बोलून चुकली आहे.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, ते भाषण आधी नव्हतंच. अमडापूरच्या प्रयोगानंतर घातलं. मला वाटलं, तुमच्यासारख्यांना तिचं मौन दिसलं नाही, तर ते कोणालाच दिसणार नाही.”

नाटकातील जो दोष दाखविण्यास मी इतक्या प्रामाणिकपणाने गेलो होतो, तो माझाच होता. आम्ही पाहत नाही म्हणून नाटककार ओरडून सांगू लागतो, आणि मग तो फार ओरडतो अशी आम्हीच तक्रार करतो. त्याने ते भाषण पुढे ठेवले की काढले, ते मला ठाऊक नाही. तो त्याचा अधिकार आहे. मी मात्र तेव्हापासून कोणत्याही नव्या नाटकास जाताना भाषण तयार करीत नाही. बोलावयाचा आग्रह झालाच, तर दोन दिवसांची मुदत मागून घेतो.